पूर्वीइतकं झेपणार नाही

५ मे

अण्णा,

पोचले. सामान धड आहे, कंबर तेवढी मोडली. फोन केला असता, पण तुम्ही "काय? काय?" करत राहता आणि शेवटी शेजारचा वायरमन तुमच्या हातून फोन घेऊन माझ्याच तब्येतीची चौकशी करतो. चाळीस वर्षं छापखान्याच्या यंत्रांशेजारी मुद्रितं तपासत बसून कान घालवलेत, आता बसा पत्रं वाचत.

वसतिगृहातली खोली बरी आहे. खाट, टेबल, आणि बंद न होणारी खिडकी. आम्ही बावीस जण आहोत, निम्मे माझ्यासारखे कॉलेजात जीवशास्त्र शिकवणारे, बाकीचे संशोधक, दोन डॉक्टर. अभ्यासक्रमाचं नाव भारदस्त आहे, 'व्यसनाचं पेशीजीवशास्त्र'. प्रमुख बाई साठीच्या आहेत, पायात पळायचे बूट घालून शिकवतात. पहिल्याच तासाला म्हणाल्या, "घरी कुणी असेल आणि म्हणून आला असाल, तर आत्ताच सांगते. इथं कुणाला बरं करायला शिकवत नाहीत. इथं पेशी बघायच्या." कुणी हललं नाही. मीही नाही.

तेव्हापासून रिसेप्टर, डोस, रिस्पॉन्स, टॉलरन्स, विथड्रॉवल, नुसता भडिमार चाललाय. प्रत्येकाला पेशींच्या सहा डिशेस दिल्यात. रोज सकाळी नऊला पिपेटनं नशेच्या औषधाचा डोस द्यायचा, मग मशीनवर रिस्पॉन्सचा आकडा बघायचा. दहा दिवस रोज, मग दहा दिवस बंद, मग पुन्हा एकदा. रविवारी सुट्टी नाही. आज पहिला डोस दिला तर आकडा धाडकन खाली आला, पेशी पार दबून गेल्या. शेजारचा डॉक्टर म्हणाला, "माणूस असता तर आत्ता छान हसत असता." मला हसू आलं नाही.

टिल्लूचं काही कळलं का? व्यसनमुक्ती केंद्रातून कधी सोडणार आहेत?

तुमची
मास्तरीण

९ मे

मास्तरीणबाई,

पत्र मिळालं. पानभर मजकुरात इंग्रजी शब्दांची नुसती खिरापत. लाल पेन घेऊन बसलो होतो, शाई तुझ्यावरच संपली. जन्मभर दुसऱ्यांचं मराठी साफ केलं आणि पोटच्या पोरीनं घरात हा चिखल आणावा! डोस म्हणजे मात्रा. रिस्पॉन्स म्हणजे प्रतिसाद. फोन, बस, डॉक्टर चालतील, ती आपलीच झाली. टॉलरन्स आणि तो विथ की काय, त्यांना मराठीत काय म्हणायचं ते तू शोध, तुला त्याचाच पगार मिळतो. यापुढे असला शब्द दिसला तर पत्र पुढे न वाचता परत पाठवीन. थट्टा नाही.

आता कामाचं. केंद्राची चिठ्ठी आली. टिल्लूचे छप्पन्न दिवस पूर्ण होतात, सतरा तारखेला रविवारी त्याला आणायला जायचं. तुझा भाऊ सहा फुटांचा माणूस, त्याला टिल्लू म्हणून हाक मारायची आता माझी मलाच लाज वाटते, पण दुसरं नाव तोंडात येत नाही. केंद्रातल्या माणसानं मला एक छापील कागद दिलाय, खिसे तपासा, दाराला आतून कडी लावू देऊ नका, जुने मित्र नकोत. कागदात शुद्धलेखनाच्या अकरा चुका आहेत. असल्या माणसावर विश्वास कसा ठेवू?

तू शिकलीसवरलेली आहेस, आणि हाच विषय शिकते आहेस. काय सांभाळायचं ते तू सांग. तू लिहिशील ते मी अक्षरशः पाळीन. फक्त एक ध्यानात ठेव, आलेली पाकिटं फोडायची त्याची खोड तुला माहीत आहे. तेव्हा पुडीबिडीचा उल्लेख नको. त्याच्या डोळ्यांखालून गेलं तरी त्याला लागणार नाही असं लिही.

मी घाबरलो आहे. हे कुणाला बोललो नाही. तुमची आई असती तर तिच्यावर ढकलून मोकळा झालो असतो. गेल्या वेळी तो घरी आला आणि अकराव्या दिवशी पुन्हा सुरू झाला. या वेळी तसं झालं तर माझ्याच्यानं निभणार नाही.

अण्णा

१३ मे

अण्णा,

घ्या. शोधा आता इंग्रजी शब्द. तुमच्या धाकानं ग्रंथालयात तास घालवला, परिभाषेचा एक जाडजूड कोश मिळाला, त्यावर इतकी धूळ होती की मी शिंकून शिंकून बेजार झाले. एकेक शब्द बघून लिहिते आहे.

माझ्या पेशी आता निर्ढावल्या आहेत. पहिल्या दिवशी ज्या मात्रेनं त्या कोलमडल्या, तीच मात्रा आता त्यांच्या गावीही नसते. आकडा जागचा हलत नाही. बाई म्हणतात, हीच तर गंमत, थांबा जरा.

टिल्लूबद्दल. तुम्ही सांगितलंत तसं लिहिते, तो वाचेल तर वाचो. त्याला आल्याआल्या कामाला लावा. तो पुन्हा फ्रिज दुरुस्तीला जाईपर्यंत तुमच्यासोबत बसवा. एकटा फार वेळ ठेवू नका. आणि सगळ्यात महत्त्वाचं, हे दोनदा वाचा. छप्पन्न दिवसांत त्याची सहनशीलता पार उतरली असणार. त्याला स्वतःला ते ठाऊक नसतं, त्याला वाटतं आपण पूर्वीचेच आहोत. पूर्वी जे तो सहज पचवायचा, ते आता त्याला पूर्वीइतकं झेपणार नाही. एकदाच झालं तरी जिवावर बेतेल. घरी परतल्यावरचे पहिले पंधरा दिवस सगळ्यात वाईट. इथल्या दोन्ही डॉक्टरांनी हेच सांगितलं, आणि सांगताना दोघांचेही चेहरे उतरले होते.

यापेक्षा उघड लिहीत नाही. तुम्हाला कळलं असेलच. कळलं असं मला कळवा, म्हणजे मी निर्धास्त होईन.

तुमची
मास्तरीण

२१ मे

मास्तरीणबाई,

कळलं. पूर्ण कळलं. पत्र दोनदा नाही, पाच वेळा वाचलं, आणि प्रत्येक वेळी माझी मान खाली गेली. एकाही शब्दावर खूण करता आली नाही. अशी शब्दांची निवड तुला आधी कधी साधली नव्हती.

टिल्लू रविवारी आला. वजन वाढलंय, गाल भरलेत. दारात वाकून माझ्या पाया पडायला लागला तर मीच त्याला धरलं, आणि दोघंही दारात अडकलो. सोमवारपासून तो माझ्याशेजारी बसतो. माझ्यासमोर मुद्रित, त्याच्यासमोर मूळ प्रत. पूर्वी माझा जोडीदार मूळ प्रत मोठ्यानं वाचायचा, मी छापलेलं बघायचो. आता कानाचा उपयोग नाही म्हणून टिल्लू ओळीखाली बोट सरकवतो आणि मी डोळे इकडून तिकडे पळवतो. काल त्यानं एक सुटलेली ओळ पकडली. आख्खी ओळ, आणि मी पुढे गेलो होतो! मी म्हटलं, "आता मी रिटायर." तर म्हणाला, "अण्णा, रिटायर इंग्रजी आहे." बोललास, गड्या!

तुझ्या सूचनेचं सांगतो. मी त्याला इतकी वर्षं काय काय बोललो ते तुला माहीत आहे. वाया गेलेला, घराला लागलेली कीड, आईच्या मरणाला कारण. तो हसायचा आणि पचवायचा. मला वाटायचं गेंड्याची कातडी आहे. आता त्याला काही झेपणार नाही, एखादा शब्द जिव्हारी लागून पोरगं जिवाचं बरंवाईट करून घेईल, हे तू लिहीपर्यंत माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. त्या दिवसापासून मी तोंडाला कुलूप लावलं आहे. आवाज चढवत नाही. मंगळवारी कागदात सांगितल्याप्रमाणे त्याचे खिसे तपासले, तर त्याचा चेहरा इतका पडला की मला तुझं पत्र आठवलं. ते बंद केलं. कडी लावू देतो. त्याचा जुना मित्र दारात आला, तो मोटार गॅरेजवाला, मी कपाळाला आठी न घालता चहा विचारला. झोपला असेल तर उठवत नाही. त्याच्या कलानं चाललो आहे.

तुला काय सांगू, घरात पुन्हा माणसं राहतात असं वाटायला लागलं आहे.

अण्णा

२५ मे

अण्णा,

घाईत लिहिते आहे. तुमचं पत्र प्रयोगशाळेच्या जिन्यात मिळालं, निम्मं तिथंच वाचलं, उरलेलं आज निवांत वाचीन. रिटायरवरून तुमची विकेट काढली म्हणजे टिल्लू बरा आहे! (विकेटला हरकत घेऊ नका.) तुम्हाला सूचना नीट कळली हे पहिल्याच ओळीत वाचलं आणि जीव भांड्यात पडला. असंच सांभाळा, काही बदलू नका.

आज बाईंनी म्हटलेली गंमत झाली. माझ्या पेशींची मात्रा दहा दिवस बंद होती. आज सकाळी तीच जुनी मात्रा दिली, निर्ढावलेल्या असताना जिला त्या भीक घालत नव्हत्या ती. आकडा पहिल्या दिवसाइतकाच धाडकन खाली. दहा दिवसांत सहनशीलता पार गेलेली. शरीरानं औषध सोसायची कमावलेली ताकद अशी उतरते, आणि घेणाऱ्याला पत्ता नसतो. बाई यंत्राकडे बघत म्हणाल्या, "या पेशी आहेत म्हणून बऱ्या. यांना छाती नसते. माणूस असता तर श्वास थांबला असता." मला तुमची आठवण आली, की बरं झालं तुम्हाला वेळेवर लिहिलं.

हाक मारताहेत. पळते.

तुमची
मास्तरीण

६ जून

मास्तरीणबाई,

तू परत गेलीस ते बरं केलंस. मीच तुला जा म्हटलं, आता तुझं मन तुला खात असेल तर ते माझ्या माथी मार. घरात बसून काय केलं असतंस? चार दिवस माणसांचा राबता होता, आपल्या दोघांचं बोलणं झालंच नाही. माझ्याशी बोलायचं तर ओरडावं लागतं, आणि ते ओरडून बोलण्यासारखं नव्हतं. म्हणून लिहितो. त्या दिवशी काय झालं ते तुला तुकड्यातुकड्यानं कळलं आहे, सलग कुणीच सांगितलं नाही.

बुधवार होता, सत्तावीस तारीख. सकाळी आम्ही बारा पानं तपासली. जेवण झाल्यावर तो म्हणाला, दाढीचं पातं आणतो. मी मान हलवली. कुठं, कशाला, किती वेळ, काही विचारलं नाही. अर्ध्या तासात परत आला, माझ्या खांद्यावर हात ठेवून खोलीत गेला. पातं घेऊन आला होता, ते नंतर त्याच्या खिशात मिळालं. कडी लावली नव्हती. तीनच्या सुमारास मी डोकावलो. पाठीवर निजला होता, तोंड थोडं उघडं. पडदा ओढलेला होता, त्यामुळे ओठ निळे पडलेले मला दिसले नाहीत. छाती हलत होती, अगदी सावकाश. मला वाटलं, किती गाढ झोपला आहे. रात्र रात्र येरझाऱ्या घालणारं पोर. मी त्याच्या अंगावर पांघरूण घातलं आणि स्वयंपाकघरात गेलो.

वायरमनची बायको सांगते, भिंतीपलीकडून तिला विचित्र घरघर ऐकू येत होती, तिला वाटलं आमच्याकडे पंखा बिघडला. मला ऐकू येणं शक्यच नव्हतं. पाच वाजता चहा घेऊन गेलो.

गॅरेजवाला दारात येऊन रडून गेला. मी त्याला काही बोललो नाही. बोलायची सवय राहिली नाही.

आता एक विचारतो. मला इतरांनी सांगितलेलं नको, तुझं हवं. तू तेरा तारखेला लिहिलंस की त्याची सहनशीलता उतरली आहे. मी त्याचा अर्थ घेतला की त्याला बोललेलं सोसणार नाही, त्याला जपा, त्याच्या मनाविरुद्ध जाऊ नका. मी तसाच वागलो. खिसे बघितले नाहीत, मित्राला अडवलं नाही, झोपेतून उठवलं नाही. तू लिहिलेलं मी बरोबर वाचलं होतं ना? हो किंवा नाही, एवढंच लिही. मुद्रितात अधलंमधलं काही नसतं.

अण्णा

१० जून

अण्णा,

हो. तुम्ही बरोबर वाचलंत.

मला तेच म्हणायचं होतं. केंद्रातून सुटलेली माणसं मनानं फार हळवी होतात, त्यांना बोललेलं सोसत नाही, हे मी इथं शिकले आणि तेच तुम्हाला लिहिलं. तुम्ही माझं अक्षर न् अक्षर पाळलंत. दुसऱ्या कुणी इतकं पाळलं नसतं. त्याचे ते दहा दिवस चांगले गेले ते तुमच्यामुळे.

जे झालं ते भेसळीनं झालं असणार. इथले डॉक्टर म्हणाले की हल्ली त्यात काय काय मिसळतात याचा नेम नाही, आणि तसा माल अंगात गेला की कुणाच्या हातात काही उरत नाही. तुम्ही तीन वाजता त्याला हलवलं असतं, तरी तो उठला नसता. दवाखान्यात नेला असता तरी उपयोग नव्हता. खिसे तपासले असते तरी त्यानं दुसरीकडे लपवलं असतं, तुम्हाला माहीत आहे तो किती हुशार होता. तेव्हा रात्री जागू नका. जेवण टाळू नका. वायरमनच्या बायकोला मी सांगून आले आहे, ती डबा आणून देईल, तिला नाही म्हणू नका.

माझं पंचवीस तारखेचं एक पत्र त्या गडबडीत आलं असेल. ते मिळालं तर न वाचता फाडून टाका. त्यात नुसती पेशींची बडबड आहे, आणि टिल्लूवरून थट्टा आहे. ती आता तुमच्याच्यानं वाचवणार नाही.

परीक्षा झाली की मी येते. कॉलेजातून रजा वाढवून घेते. तुम्ही एकटे राहू नका.

तुमची
मास्तरीण

१४ जून

पोरी,

तुझं 'हो' मिळालं. मी एक शब्द मागितला होता, तू दीड पान पाठवलंस. जन्मभर हेच काम केलं मी. लेखकाला स्वतःच्या वाक्याची खात्री नसली की तो त्याच्याभोवती आणखी दहा वाक्यं उभी करतो.

तुझं पंचवीसचं पत्र तू घरी असतानाच आलं होतं. लोकांच्या गर्दीत कुणीतरी फळीवर ठेवलं. तू परत गेलीस त्या दिवशी मी ते फोडलं. शरीरानं औषध सोसायची कमावलेली ताकद. इतकं स्वच्छ लिहिलं आहेस, शाळेतल्या पोरालाही कळावं. मग तेरा तारखेचं पत्र शेजारी ठेवलं आणि मूळ प्रत मुद्रिताशी ताडावी तशी ओळीखाली ओळ ताडली. पूर्वी जे सहज पचवायचा. एकदाच झालं तरी. पहिले पंधरा दिवस. प्रत्येक ओळ त्या पुडीबद्दल होती आणि मी प्रत्येक ओळ माझ्या जिभेबद्दल वाचली. तो छापील कागद अकरा चुकांसकट बरोबर होता. मी त्याला केराची टोपली दाखवली, कारण तुझं मराठी शुद्ध होतं.

म्हणजे सहा तारखेला तुला विचारलं तेव्हा मला उत्तर ठाऊक होतं. मग का विचारलं? मला वाटलं तू 'नाही' लिहिशील. चिडशील, मला दोन शब्द सुनावशील, म्हणशील की इंग्रजीचा तो एक शब्द तुम्ही मला लिहू दिला असतात तर. मला कुणीतरी बोलायला हवं होतं गं. इथं सगळे मला जपतात. डबा येतो, कुणी आवाज चढवत नाही, झोपलो असलो तर उठवत नाहीत. आता तूही त्यांच्यातच गेलीस.

तुझी चूक मी काढणार नाही. माझं एकवीस तारखेचं पत्र तू निम्मं वाचून खिशात घातलंस, आणि उरलेल्या निम्म्यात सगळं होतं. तू ते नंतर वाचलं असशील. कधी वाचलंस ते मला लिहू नकोस, मला तो दिवस माहीत करून घ्यायचा नाही. आपण दोघांनीही नीट वाचलं नाही, आणि वाचण्यावरच आपली पोटं चालतात.

यायचं तर ये. माझ्यासाठी येऊ नकोस, मला काही होत नाही, जेवतो, कामही चालू आहे. तुझं खोटं मी मोडलं, त्याचा तू राग धरू नकोस. ते ठेवून घेता आलं असतं तर ठेवलं असतं.

मीही तुला एक खोटं लिहिलं होतं, ते सुधारून पाठवतो. पांघरूण घालून मी स्वयंपाकघरात गेलो असं मागच्या पत्रात लिहिलं आहे. गेलो नाही. खुर्ची ओढली आणि त्याच्या उशाशी बसलो. वीस मिनिटं असेन, जास्तच. त्याचा श्वास मोजत बसलो नव्हतो, नुसता बघत होतो. पोरगं घरात होतं, कुठं भटकत नव्हतं, कुणाच्या दारात पडलं नव्हतं, आणि मी त्याला त्या दिवशी एकही वाकडा शब्द बोललो नव्हतो. मला फार बरं वाटत होतं. तुमची आई गेल्यापासून मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

अण्णा